पाळीच्या मधलं पांढरं

दवाखान्यात बायका एक वाक्य नेहमी आवाज खाली आणून बोलतात: “डॉक्टर, अंगावरून पांढरं जातंय.” सासू शेजारी असली तर आवाज आणखी खाली. कंबरदुखी, थकवा, सगळं त्या पांढऱ्याच्याच नावावर. मी आधी विचारते, रोज जातं की ठरावीक दिवसांत? वास, खाज? पुष्कळदा उत्तर येतं, दोन पाळ्यांच्या मध्ये तीन-चार दिवस, पाण्यासारखं, तार सुटते. बाई औषध मागायला आलेली असते आणि मला सांगावं लागतं, अहो, हा आजार नाही. मूल हवं असेल तर हेच दिवस तुमचे आहेत.

योनीतला ओलावा आंबट असतो. जंतूंना अटकाव करायला तो चांगला, पण शुक्राणूही त्यात काही तासांत मरतात. वर गर्भाशयाचं तोंड आहे, तिथल्या ग्रंथींतून स्राव पाझरतो. एरवी तो इतका घट्ट असतो की वाट बंदच. बीजकोशात बीज पिकू लागलं की इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं आणि तोच स्राव पातळ, निसरडा होतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा. त्यात आंबटपणा नसतो. तो काचपट्टीवर वाळवला तर क्षारांमुळे सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानांची नक्षी दिसते. शिकत असताना ती पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझा डोळा भिंगावरून हलेना. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक येतं आणि दार पुन्हा बंद.

या स्रावाच्या आसऱ्याने शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. बीज मात्र सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे बीज येण्याआधीच शुक्राणू वाट बघत असलेले बरे. अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून १९९५ साली हेच दिसलं: दिवस राहिले ते बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढ्याच सहा दिवसांतल्या संबंधांतून.

आणि आपण काय धरून बसतो? पाळी आल्यापासून चौदावा दिवस! एका जोडप्याने दोन वर्षं तो नेमाने पाळला. तिची पाळी पस्तीस दिवसांची. तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटत असणार. तिच्या शरीराने दर महिन्याला खूण दिली, पण ती खूण असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे शिकणं अवघड नाही. मेलबर्नच्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने या स्रावावरून बीज सुटण्याचे दिवस ओळखायची पद्धत बसवली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत ती तपासली, आपलं बंगळूरही त्यात होतं. शंभरातल्या ९३ जणींना पहिल्याच चक्रात हा फरक ओळखता आला.

मूल नको असेल तर मात्र नीट शिकल्याशिवाय एवढ्यावर विसंबू नका. पीसीओएस, म्हणजे बीज वेळेवर न सुटण्याचा हार्मोन्सचा त्रास, असेल तर ही खूण फसवू शकते, तार सुटते पण बीज सुटतंच असं नाही. स्राव दह्यासारखा फुटका, हिरवट किंवा घाण वासाचा असेल, खाज असेल, तर तपासून घ्या. संबंधानंतर रक्त दिसलं तर लगेच या. आणि आतून साबणाने धुणं आजपासून बंद.

मला आलेल्या एका चिठ्ठीत कुणीतरी विचारलंय, बघायचं कसं, लाज वाटते. लघवीला जाल तेव्हा आधी स्वच्छ कापडाने टिपा आणि बघा, आत बोट घालायची गरज नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर कधी लावला ते लिहितो. तिथेच कोरडं असेल तर शून्य, तार सुटली तर फुली. शेवटची फुली ज्या दिवशी, त्याच्या एक-दोन दिवस इकडेतिकडे बीज सुटतं. म्हणून मूल हवं असेल तर फुल्या सुरू झाल्या की शेवटच्या फुलीची वाट बघत थांबू नका. वर्ष झालं, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने झाले, तरी दिवस राहिले नाहीत तर ती पानं घेऊन या. आणि एकट्या येऊ नका, नवऱ्याला घेऊन या. त्याचीही तपासणी पहिल्याच दिवशी करायची असते.