अटकेची नोंद कशी शोधावी, कशी वाचावी

नमस्कार मंडळी.

आज बोलायला जरा जड जाईल असा विषय घेतला आहे. गणपतीच्या मांडवात किंवा दिवाळीच्या फराळाला तो कोणी काढत नाही. पण ह्यूस्टनच्या परिसरात इतकी वर्षं राहून मी पाहिलंय, वेळ येते तेव्हा चांगली शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसंही गांगरून जातात. घरच्या कुणाला पोलिसांनी अटक केली, तर त्याची नोंद कुठे शोधायची आणि सापडली की वाचायची कशी, हे आज सांगणार आहे.

एका सोमवारी पहाटे पाचला माझा फोन वाजला. साताऱ्याहून माझ्या आईच्या मैत्रिणीचा. आम्ही त्यांना लहानपणापासून मावशी म्हणतो. "अगं, शनिवारपासून पोरगा फोन उचलत नाहीये. खोलीतला मुलगा म्हणतो, शनिवारी रात्री जेवायला म्हणून गाडी घेऊन गेला तो आलाच नाही. अपघात तर नाही ना झाला?" मी त्यांना धीर दिला, पण माझेच हात कापत होते. आधी दोन हॉस्पिटलांत चौकशी केली. मग मनात जी शंका आली होती ती मावशींना न सांगता मी लॅपटॉप उघडला आणि हॅरिस काउंटीच्या शेरीफच्या संकेतस्थळावर त्याचं नाव टाकलं. काहीच आलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. तो उगाच पडला, कारण मी शोधत होते तेच चुकीच्या काउंटीत.

मुलगा केटीला राहायचा. केटी हे गाव तीन काउंट्यांत पसरलंय, हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर. पोस्टाचा पत्ता केटीचाच, पण रस्त्याच्या कुठल्या भागात गाडी थांबवली त्यावर काउंटी ठरते, आणि काउंटीवर तुरुंग ठरतो. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा समजा. टेक्सासमध्ये अशा 254 आहेत. प्रत्येकीचा शेरीफ वेगळा, आणि काउंटीचा तुरुंग सांभाळणं हे शेरीफच्या कचेरीचं काम. मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, ते मानाचं पद. इथला शेरीफ मात्र लोकांनी चार वर्षांसाठी निवडून दिलेला पोलीस अधिकारी असतो. म्हणून पहिला प्रश्न "कुठल्या काउंटीत?" हाच विचारायचा. माणूस राहतो कुठे याला इथे महत्त्व नाही, त्याला धरलं कुठे ते बघायचं. आमचा मुलगा फोर्ट बेंडच्या तुरुंगात, रिचमंडला होता.

तिथेही पहिल्या खेपेला नाव सापडलं नाही. याचं कारण आपल्या मराठी नावांत आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मग आडनाव लिहितो. पासपोर्टवर पुष्कळदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात जोडून येतं. तुरुंगातला कारकून समोरचं ओळखपत्र पाहून ते टाइप करतो, आणि कधी वडिलांचं नाव मधलं नाव होतं, तर कधी पहिल्या नावाचाच भाग होऊन बसतं. म्हणून नुसतं आडनाव आणि पहिल्या नावाची दोन-तीन अक्षरं टाकून पाहा. रोमन लिपीतली सगळी स्पेलिंगं करून पाहा, कारण आपल्या 'वैद्य' आणि 'चितळे' यांचं तिथे काहीही होऊ शकतं. उलट बाजूही लक्षात ठेवा. कुलकर्णी, जोशी, पाटील, देशपांडे ही आडनावं आता या भागात कमी राहिलेली नाहीत. नाव जुळलं म्हणजे माणूस तोच असं धरून चालू नका, जन्मतारीख जुळवा. आणि तारीख अमेरिकन पद्धतीने वाचा. इथे आधी महिना येतो, मग दिवस. 04/07 दिसलं तर ती सात एप्रिल, चार जुलै नव्हे. हॅरिस काउंटीत तर प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक देतात, त्याला एसपीएन म्हणतात. तो एकदा मिळाला की नावाचा घोळ संपतो.

अटक झाल्या झाल्या नाव दिसत नाही, हेही सांगून ठेवते. बोटांचे ठसे, फोटो, सामानाची यादी, तब्येतीची विचारपूस, हे सगळं उरकून नाव संगणकावर चढायला कित्येक तास जातात. हॅरिसमध्ये शहराचे पोलीस असोत की शेरीफचे, माणूस सहसा एकाच ठिकाणी आणला जातो, ह्यूस्टनच्या मध्यभागी 2019 साली सुरू झालेल्या संयुक्त केंद्रात. रात्री नाव नाही दिसलं तर सकाळी परत पाहा, आणि तुरुंगाच्या चौकशीला फोन लावा. इमिग्रेशनवाल्यांनी नेलं असेल तर मात्र काउंटीत नाव मिळेलच असं नाही. त्यांचा शोध वेगळ्या संकेतस्थळावर घ्यायचा, तिथे ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, किंवा नाव आणि जन्माचा देश लागतो.

आता नाव सापडलं. स्क्रीनवर त्याचा फोटो, खाली दोन-तीन ओळी. मावशी फोनवर ताटकळलेल्या. त्या ओळी मी त्यांना वाचून दाखवल्या तशा तुम्हालाही सांगते.

पहिला रकाना आरोपाचा. तिथे लिहिलं होतं डीडब्ल्यूआय, म्हणजे नशेत गाडी चालवणं, आणि पुढे 'क्लास बी मिस्डिमीनर'. टेक्सासमध्ये लहान गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आहेत. क्लास सी म्हणजे फक्त दंड, पाचशे डॉलरपर्यंत. क्लास बीला 180 दिवसांपर्यंत कैद, क्लास एला एक वर्षापर्यंत. त्याच्या वर फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हे. पुढचा रकाना बाँडचा, म्हणजे जामिनाचा. आकडा असेल तर तो शिक्षेचा दंड नव्हे, तारखेला कोर्टात हजर राहण्याची ती हमी असते. त्यापुढे कॉज नंबर, म्हणजे खटल्याचा क्रमांक. हा कागदावर लिहून घ्या, पुढचं सगळं यावरच मिळतं. आणि शेवटचा रकाना डिस्पोझिशन, म्हणजे खटल्याचं काय झालं ते. आमच्या मुलाच्या नोंदीत तो रिकामा होता.

मंडळी, आज मला सगळ्यात जास्त या रिकाम्या रकान्याबद्दल सांगायचंय. पोलिसांनी लावलेला आरोप ही त्यांची बाजू असते. त्यानंतर सरकारी वकील तो आरोप ठेवतात किंवा सोडून देतात. फेलनी असेल तर बारा सामान्य नागरिकांची ग्रँड ज्यूरी बसते आणि त्यातल्या नऊ जणांनी होकार दिल्याशिवाय आरोपपत्र होत नाही. त्यांनी नकार दिला तर नोंदीत 'नो बिल' लिहितात. पुढे 'डिसमिस्ड' म्हणजे खटला काढून टाकला, 'अक्विटेड' म्हणजे निर्दोष. हे सगळं तुरुंगाच्या पानावर दिसत नाही, त्यासाठी कोर्टाच्या कारकुनाची नोंद पाहावी लागते. हॅरिसमध्ये लहानमोठे फौजदारी खटले डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे असतात. फोर्ट बेंडमध्ये फेलनी डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे आणि क्लास ए, बी काउंटी क्लार्ककडे. लोक तुरुंगाचा फोटो पाहतात आणि तिथेच थांबतात. माणसाचं नाव मग कायमचं त्या फोटोला चिकटतं.

मावशींनी मला त्या पहाटे विचारलं, "हे असं सगळ्यांना दिसतं? कुणालाही?" मी हो म्हटलं. त्या गप्प झाल्या. त्यांना लाज वाटली हे मला फोनवरही कळलं. मग मी त्यांना म्हटलं, मावशी, दिसतं म्हणूनच तो आपल्याला सापडला.

हे मी मनापासून म्हटलं होतं. टेक्सासचा माहितीचा कायदा 1973 सालचा. सरकारी लाचलुचपतीचं एक मोठं प्रकरण गाजल्यावर तो झाला. पुढे 1975 मध्ये ह्यूस्टनच्या एका वर्तमानपत्राने शहराविरुद्ध खटला लढवला आणि न्यायालयाने ठरवलं, की अटकेची प्राथमिक माहिती लोकांपासून लपवता येणार नाही. कुणाला धरलं, कधी, कुठे, कशासाठी, हे सांगावंच लागतं. आजही लेखी अर्ज केला तर कचेरीला "तुम्हाला हे कशाला हवंय?" असं विचारता येत नाही. पोलिसांनी नेलेला माणूस गडप होऊ नये, त्याच्या आईला तो कुठे आहे ते कळावं, यासाठी ही पाटी उघडी ठेवलेली आहे. आपल्याकडेही हा विचार आहेच. डी. के. बासू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेची खबर नातेवाइकांना देणं बंधनकारक केलं, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 37व्या कलमात अटक केलेल्यांची नावं जिल्ह्यात ठळकपणे लावायला सांगितलंय. भारतात चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात, टेक्सासमध्ये अठ्ठेचाळीस तासांच्या आत.

उघड्या नोंदीचा गैरवापरही होतो. काही संकेतस्थळं हे फोटो उचलून आपल्याकडे लावायची आणि काढायचे पैसे मागायची. टेक्सासने 2013 मध्ये कायदा करून अशी वसुली बंद केली. ठग ही यादी वाचून घरी फोन करतात, "मी शेरीफच्या ऑफिसातून बोलतोय, मुलाला सोडवायचं तर गिफ्ट कार्डचे नंबर द्या." कुठलीही काउंटी गिफ्ट कार्डावर जामीन घेत नाही, फोन ठेवून द्या. पण मला सर्वांत जास्त दुखतं ते आपल्याच लोकांनी केलेलं. कुणाच्या तरी मुलाचा तुरुंगातला फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, खाली "बघा, ओळखलंत का?" मी असा फोटो पाहिला आहे. ज्याने पाठवला त्याने शेवटचा रकाना उघडून पाहिला नव्हता. कृपा करून असं करू नका.

आईवडिलांसाठी एक गोष्ट. टेक्सासमध्ये सतरा वर्षांचा मुलगा फौजदारी कायद्यापुढे सज्ञान असतो. सोळाव्या वर्षीची नोंद गोपनीय राहते, सतराव्या वर्षीची सगळ्यांना दिसते. शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं घरात असतील त्यांनी हे मुलांना नीट समजावून सांगा.

आणि जे अजून नागरिक नाहीत त्यांनी आता जरा कान देऊन ऐका. डिस्पोझिशनमध्ये 'डिफर्ड ॲडज्युडिकेशन' असा शब्द येतो. गुन्हा कबूल करायचा, ठरावीक काळ अटी पाळायच्या, मग शिक्षेची नोंद होत नाही. टेक्सासच्या दृष्टीने ती दोषसिद्धी नव्हे. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र कबुली आणि कोर्टाच्या अटी एवढ्यावर ती दोषसिद्धी धरली जाते. "सोपं आहे, सही करून मोकळे व्हा" असं कुणी म्हटलं तरी इमिग्रेशन जाणणाऱ्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. 2010 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की हा धोका समजावून देणं फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे. डीडब्ल्यूआयच्या नुसत्या अटकेवरून पासपोर्टवरचा व्हिसा रद्द होऊ शकतो, तेव्हा भारतात जायचं तिकीट काढण्याआधीही विचारा. अटकेत असताना भारतीय वकिलातीला कळवा असं म्हणायचा हक्क आहे, 1963 च्या व्हिएन्ना करारातला. ह्यूस्टनमध्ये आपलं वाणिज्य दूतावास आहे.

खटला काढून टाकला तर नोंद पुसून घेता येते, त्याला एक्सपंक्शन म्हणतात. ती जरूर पुसून घ्या. पण आधी क्लार्कच्या खिडकीवर जाऊन खटल्याच्या निकालाच्या शिक्का मारलेल्या प्रती घ्या, दोन-तीन घ्या. कारण नागरिकत्वाच्या अर्जात पुसलेली अटकसुद्धा सांगावी लागते, अधिकारी निकालाचा कागद मागतो, आणि तोवर कोर्टात तो कागद उरलेला नसतो. घरात पासपोर्ट ठेवता तिथेच त्या ठेवा.

मावशींच्या मुलाच्या रक्ताचा अहवाल काही महिन्यांनी आला. मद्याचं प्रमाण 0.08 च्या मर्यादेखाली होतं. सरकारी वकिलांनी खटला काढून घेतला. मी त्याच्याबरोबर रिचमंडला गेले होते, खिडकीवरच्या बाईंनी प्रत्येक पानावर शिक्का मारला, आणि त्याने गाडीत बसल्या बसल्या तो कागद फोनवरून आईला दाखवला. मावशींना इंग्रजी फारसं वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "तो शेवटचा रकाना कुठाय, तेवढा दाखव."