‘स्वभावच तसा आहे’ म्हणण्याआधी

(परळ येथे रविवारी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ऑफिसातल्या भांडणाविषयी कोणालाही विचारा, उत्तर माणसाच्या नावापासूनच सुरू होतं. ‘त्याचा स्वभावच तसा आहे.’ ‘ती आल्यापासून डिपार्टमेंटचं वातावरण बिघडलं.’ मी कामगार आणि व्यवस्थापन यांच्यामधल्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत. त्यावरून माझं ठाम मत झालं आहे की अशा बहुतेक भांडणांचं मूळ कामाच्या मांडणीत असतं. कोणाचं काम कोणावाचून अडतं, सही कोणाची लागते, शेवटच्या तासाची घाई कोणाच्या वाट्याला येते, हे आधी बघावं. स्वभावाकडे नंतर वळावं.

कुर्ल्यातल्या एका गोदामाचं सांगतो. अकाउंट्समधल्या ताई आणि डिस्पॅचचा दादा यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं होतं. निरोप शिपायामार्फत जायचे. ताईंचं म्हणणं, हा मुद्दाम चलानं, म्हणजे माल पोचल्याची सही घेतलेले कागद, दाबून ठेवतो आणि साडेपाच वाजता गठ्ठा आणून टाकतो. बिलं त्याच दिवशी काढायची, म्हणजे टिटवाळ्याची गाडी चुकली. दादाचं म्हणणं, ह्यांना माझं काही चालतच नाही, एक शिक्का पुसट असला तरी चलान परत पाठवतात. मालकांनी दोघांना समोरासमोर बसवून ‘जरा जुळवून घ्या’ असं सांगून पाहिलं होतं. त्यानंतर प्रकरण आणखी चिघळलं.

आम्ही दोघांशी वेगवेगळं बोललो. कोण कसं वागतं, हा विषयच काढला नाही. दादाला विचारलं, सही झालेलं चलान तुमच्या हातात किती वाजता पडतं? तो म्हणाला, पाचनंतर. का? टेम्पो सकाळी भिवंडीकडे जातात, माल उतरवतात, आणि ड्रायव्हर परत आला की सगळी चलानं एकदम देतो. परतीच्या वाटेवरची गर्दी आणि अवजड वाहनांना शहरात ठरावीक वेळी असलेली बंदी, यात दुपार निघून जाते. ताईंना विचारलं, शिक्का पुसट असला तर काय होतं? पार्टी पैसे अडवते आणि जाब ताईंना विचारला जातो. म्हणजे दादा काही दाबून ठेवत नव्हता आणि ताई खुसपटं काढत नव्हत्या. दोघांच्या मधे एक कागद होता आणि तो अख्खा दिवस टेम्पोत फिरत होता. उपाय साधा निघाला. माल उतरला की ड्रायव्हरने सही-शिक्क्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, ताईंनी त्यावरून बिल तयार करायचं, मूळ कागद दुसऱ्या दिवशी जोडायचा. शिक्का पुसट असेल तर ड्रायव्हर तिथेच उभा असतो, दुसरा मारून घेतो. त्यानंतर त्या दोघांची मैत्री वगैरे झाली नाही. तशी गरजही नव्हती. निरोप मात्र शिपायामार्फत जायचे थांबले.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने 1925 मध्ये हा विचार फार नेटका मांडला. तिच्या मते मतभेद मिटवण्याचे मार्ग तीन. एकाने दुसऱ्याला दाबायचं, दोघांनी थोडं थोडं सोडायचं, किंवा दोघांची मूळ गरज भागेल अशी तिसरी वाट शोधायची. उदाहरण तिचं स्वतःचंच. ग्रंथालयातल्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला बंद हवी होती. शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्याला हवा हवी होती, ती मिळाली. तिला अंगावर झोत नको होता, तो आला नाही. आपल्याकडे दुसऱ्या मार्गाचं फार कौतुक आहे. ‘थोडं तू सोड, थोडं तो सोडेल.’ पण ताईंनी थोडी गाडी चुकवायची आणि दादाने थोडी बोलणी खायची, असं ठरवून काय साधलं असतं?

आपण स्वभावावर इतक्या चटकन का जातो? ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये या खोडीला नाव दिलं. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थितीकडे बघत नाही. मुंबईकराला हे लगेच पटेल. मला लेट मार्क लागला तर ओव्हरहेड वायर तुटलेली असते. शेजारच्याला लागला तर तो मुळातच बेफिकीर असतो. दोघं एकाच लोकलने आलेले असले तरी!

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. प्रत्येक संघर्ष शांत करायचा नसतो. आपण रविवारी इथे जमलो आहोत, तो रविवार गिरणी कामगारांना कोणी आपण होऊन दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. 1890 च्या एप्रिलमध्ये रेसकोर्सच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने मागणी मान्य केली. ‘जुळवून घ्या’ हे तेव्हाच्या कामगारांनी ऐकलं असतं तर?

लैंगिक छळाच्या बाबतीत तर समेटाची भाषा कोणी काढूच नये. 2013 च्या कायद्याने 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे आणि चौकशी 90 दिवसांत संपवायची आहे. समझोता होऊ शकतो तो चौकशी सुरू होण्याआधी, तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशांच्या आधारावर तर नाहीच. ‘घरातली गोष्ट घरात मिटवू’ म्हणणारे वरिष्ठ तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतात.

शेवटी एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: साहेबच भांडणातला एक पक्ष असेल तर काय करायचं? मग तोंडी बोलण्यावर अवलंबून राहू नका. काय घडलं, कोणत्या तारखेला, समोर कोण होतं, एवढंच लिहा. विशेषणं गाळा. ‘अपमान केला’ असं लिहिण्यापेक्षा जे शब्द वापरले ते लिहा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, तिथे विषय भलतीकडेच जातो. युनियन असेल तर तिला सोबत घ्या. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तीत मालक व कामगार दोघांचे समान प्रतिनिधी असतात. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या. आणि अशी समिती तुमच्याकडे नेमलेलीच नसेल, तर पहिला अर्ज ती नेमण्यासाठी द्या. तो एकट्याच्या सहीने देऊ नका.