काळी रेघ आणि पांढरा डाग

परळची चाळ, सकाळचे सव्वासात. मोरीपाशी आ वासून उभा असलेला हा सात वर्षांचा मुलगा बघा, हिरडीच्या कडेकडेने दातांवर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसतेय ना? शाळेत पोरं त्याला किडका म्हणतात, आजी म्हणते चॉकलेटं खातो म्हणून, आईने घासघास घासलं, मीठ लावून पण झालं, पण रेघ जागच्या जागी. आणि ही त्याची बहीण, साडेतीन वर्षांची, हिचे दात एकदम मोत्यासारखे.

डेंटिस्टकडे दोघांना एकदमच नेलं तर उलटंच निघालं, म्हणजे दादाच्या दाताला काही नाही, कीड लागलीये ती बहिणीच्या.

आता कीड म्हटलं की आपल्याला अळीच दिसते. गावाकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड 'पाडायचे', जुनी माणसं अजून सांगतात. पण दातात अळी नसतेच, असतात बॅक्टेरिया. त्यातला मुख्य म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, 1924 मध्ये क्लार्क नावाच्या संशोधकाने किडलेल्या दातातून शोधला. हा साखर खातो आणि अ‍ॅसिड सोडतो, आणि नुसतं तेवढंच नाही तर त्याच साखरेपासून एक चिकट पदार्थ बनवतो, त्याने दाताला असा चिकटून बसतो की चूळ भरून जात नाही. तोंडातला पीएच (अ‍ॅसिड किती ते मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू सगळं पूर्ववत करते, त्यात अर्धा-पाऊण तास तरी जातो, पण तेवढ्यात पोराने पुन्हा बिस्किट चहात बुडवलं की परत सुरू! रात्री तर लाळ कमीच सुटते, म्हणून दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणं सगळ्यात वाईट.

सुरुवातीला काळं काही दिसतच नाही. हिरडीजवळ खडूसारखा पांढरा डाग येतो, बस. बहिणीला तोच होता, आईला वाटलं दूध राहिलंय.

आणि हा जंतू बाळाच्या तोंडात येतो कुठून, तर बऱ्याचदा घरातूनच. आई चमचा आधी स्वतः चाटून बघते, आजी घास चावून मऊ करून भरवते. (आजीला हे सांगायचं कोणी, हा प्रश्न वेगळा.)

दादाची रेघ मात्र दुसऱ्याच बॅक्टेरियांची. ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो लाळेतल्या लोहाशी मिळून काळा थर बनतो. गंमत म्हणजे अशी रेघ असलेल्या मुलांमध्ये कीड कमी आढळल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

बहिणीला फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दाताचं कवच मजबूत करणारा लेप, लावलं, घरी मटाराच्या दाण्याएवढी फ्लोराइडवाली पेस्ट, ब्रश आईने करायचा, आणि झोपताना बाटली बंद. दुधाचे दात काय पडणारच आहेत असं शेजारच्या काकू म्हणाल्या, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकतात, तोवर जेवायचं कशाने? मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल आणि सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे.

दादाची रेघ क्लीनिंग करून काढली, सहा महिन्यांत परत आली. तो शाळेत सांगतो ही कीड नाहीये म्हणून. कोणी ऐकत नाही ते सोडा.