न पाहता घेतलेला देश

श्रोतेहो, नमस्कार.

दोन गुंठे जमीन घ्यायची तरी आपण आधी बांधावर जाऊन येतो, सातबारा तपासतो. युरोपातल्या लिश्टनस्टाइन घराण्यानं अख्खा मुलूख विकत घेतला आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं गादीवरचा एकही राजा तिकडे फिरकला नाही.

हा मुलूख केवळ १६० चौरस किलोमीटरचा. पश्चिमेला ऱ्हाइन नदी आणि पलीकडे स्वित्झर्लंड, पूर्वेला आल्प्सचे डोंगर आणि त्यामागे ऑस्ट्रिया. वस्ती बहुतेक नदीकाठच्या सपाटीवर आणि लगतच्या उतारांवर. समुद्र नाही, आणि दोन्ही शेजाऱ्यांनाही तो नाही! जगात असा दुसरा देश एकच, उझबेकिस्तान.

मग हा आडबाजूचा तुकडा घेतला कशाला? घराण्याच्या जहागिऱ्या अफाट होत्या, मुक्काम व्हिएन्नात होता. पण पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन संस्थानांच्या साम्राज्याच्या, सभेत मानाची जागा हवी, तर थेट सम्राटाच्या हाताखालची जमीन लागायची. तीच नव्हती. होहेनेम्सचे सरदार कर्जात बुडाले होते. त्यांच्याकडून या मुलखाचे दोन भाग घेतले: १६९९ मध्ये शेलेनबर्ग आणि १७१२ मध्ये फाडुट्स. १७१९ मध्ये सम्राट सहाव्या कार्लनं दोन्ही जोडून संस्थान केलं आणि त्याला खरेदीदाराचंच आडनाव दिलं. तिथल्या शेतकऱ्यांना कुणी विचारलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

गंमत पाहा, ज्या सभेसाठी हा खटाटोप केला, ती १८०६ मध्ये साम्राज्याबरोबर संपली. संस्थान मात्र टिकलं! १८४२ मध्ये दुसरा अलोइस आला, गादीवर असताना येणारा पहिलाच. १८६८ मध्ये सैन्य मोडीत काढलं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचं साम्राज्य कोसळलं, तसा देश स्वित्झर्लंडकडे वळला. १९२३ मध्ये जकातीचा करार झाला. चलन आजही स्विस फ्रँकच.

१९३८ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला आणि घराण्याचा राजा दुसरा फ्रान्झ योसेफ फाडुट्सच्या किल्ल्यात कायमचा राहायला आला. युद्ध संपताच चेकोस्लोव्हाकियानं घराण्याच्या तिथल्या जमिनी जप्त केल्या. क्षेत्रफळानं त्या या देशाच्या कित्येक पट होत्या. तो वाद एवढा चिघळला, की झेक प्रजासत्ताकाशी राजनैतिक संबंध जुळायला २००९ साल उजाडलं.