गाय तिची, वासराची दोरी कुणाच्या हाती?

(दृश्य: भाताची हिरवी शेतं, बांधावरून चालणाऱ्या बायका)

कुडिग्राम, रंगपूर, नीलफामारी. बांगलादेशाच्या उत्तरेकडचे जिल्हे. आश्विन-कार्तिकात शेतात भात उभा असतो, पण कापणीला अवकाश असतो. कापणी नाही म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून चूल थंड. या दिवसांना इथं ‘मोंगा’ म्हणतात.

फजले हसन अबेद यांनी १९७२ साली उभी केलेली ‘ब्रॅक’ ही संस्था इथं गावोगाव बायकांना कर्ज द्यायची. पण अगदीच निष्कांचन बाई त्या कर्जाच्या वाटेला जात नसे. हप्ता कुठून भरणार? म्हणून २००२ साली संस्थेनं कर्ज बाजूला ठेवलं आणि गायच देऊन टाकली. परतफेड नव्हती.

(दृश्य: अंगणात मातीवर काढलेला गावाचा नकाशा)

कुणाला द्यायची, ते गाव सांगतं. लोक जमतात, जमिनीवर नकाशा काढतात, एकेका घराची ऐपत बोलून दाखवतात. जमीन दहा शतकांहून कमी (शतक म्हणजे एकराचा शंभरावा भाग), म्हणजे आपले चार गुंठेही नाहीत. घरात कमावता पुरुष नाही. शाळेच्या वयाचं पोर कामाला. अशा काही खुणा जुळल्या की संस्थेची माणसं घरी येऊन खात्री करतात.

मग गाय येते, नाहीतर शेळ्या. सोबत काही महिने हातखर्चाला थोडे पैसे. ते नसतील तर भुकेपायी गायच विकली जाईल. आणि दोन वर्षं नेमानं कुणीतरी दारात येऊन विचारतं: लस टोचली का, चारा काय घातला?

गुण आला. लोकांकडची धुणीभांडी, शेतमजुरी कमी झाली, कमाई वाढली, मदत थांबल्यावरही टिकली. २०१५ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात भारतासह सहा देशांतल्या अशाच योजनांचे निष्कर्ष छापून आले. तिथंही खाणं, उत्पन्न, बचत सुधारलेली दिसली. फक्त घरात बाईच्या शब्दाला आलेलं वजन तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरलं होतं.

बांगलादेशातली आणखी एक पाहणी घरातल्या याच गोष्टीकडे जवळून बघते. मिळालेली गाय तिचीच राहिली. पण तिच्या जोरावर घरात पुढं जी नवी मालमत्ता आली, ती बहुतेक पुरुषांची झाली. बाईचं बाहेर जाणंही कमी झालं. यावर आपण हळहळतो. त्या बायकांना मात्र घरातलंच काम बरं वाटत होतं. लोकांच्या दारी राबण्यात काय मान असतो, ते त्यांनी सोसलेलं आहे.

आपल्याकडे तरी काय? पहाटे धार काढते ती, आणि डेअरीच्या खात्यावर नाव त्याचं.

(दृश्य: आठवडी हाट, गुरांचा बाजार, गर्दीत सगळे पुरुष)

या बाजारात बायका सहसा येत नाहीत. वासरू विकायचं ठरलं की दोरी नवऱ्याच्या, नाहीतर मुलाच्या हाती जाते. पैसेही आधी त्याच्याच खिशात पडतात.