कुटाराखालची जीप

(वरूड तालुक्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मोटर मेकॅनिक ट्रेडच्या एका निवृत्त निदेशकांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि मागं ओट्यावर बसलेली पोरं,

मी दुपारीच आलो. कार्यक्रम सहाचा, पण आमच्याकडून इकडं यायला दुसरी एसटीच नाही. ज्यांच्या घरी उतरलो त्या काकाजींनी चहा पाजला आणि म्हणाले, "मास्तर, चाला, एक चीज दाखोतो." वरूडकडचा माणूस असं म्हणाला की संत्र्याची बाग पाहायची आहे, हे मी धरूनच चालतो. पण त्यांनी नेलं घरामागच्या कोठ्यात. दोन गाई, एक गोऱ्हा, आणि भिंतीला लागून तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा, ढीग. ढिगातून एक हेडलाइट बाहेर आलेला. काच शाबूत. मी हातानं थोडं कुटार सारलं तर बोनेट लागलं. उंच बोनेट. तेव्हाच ठरवलं की लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहू द्यायचं आणि या जीपवरून बोलायचं. विषय जुन्या गाड्यांचाच आहे, आयोजकांनी घाबरू नये.

आधी उंच बोनेटचं सांगतो, कारण नोकरीभर पोरांना हेच सांगत आलो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं बोनेट बसकं होतं. तिचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे हवा-इंधन आत घेणारा इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट, दोन्ही व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्येच. पुढं विलीज कंपनीनं हरिकेन नावाचं इंजिन काढलं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला, एक्झॉस्ट खालीच ठेवला. ताकद साठ हॉर्सपॉवरवरून सत्तरच्या वर गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. मग त्यांनी काय करावं? बोनेटच उचललं! १९५३ साली ही सीजे-३बी आली. कपाळ मोठं, तोंड लहान. अमेरिकेत एक-दोन वर्षांतच गोलसर अंगाची सीजे-५ आली आणि ही मागं पडली. आपल्याकडं महिंद्र १९४७ पासून विलीजच्या जीपा जोडत होते. त्यांनी ही उंच बोनेटवालीच धरली आणि वर्षानुवर्षं बनवली. म्हणून तुम्हाला-मला जीप म्हटलं की तेच मोठं कपाळ आठवतं. तिकडं जिला कोणी विचारलं नाही, तिचा इकडं संसार झाला.

आणि संसार कसला! बीडीओ साहेबांची जीप, जंगल खात्याची जीप, मलेरियावाल्यांची फवारणीची जीप, निवडणुकीत भोंगा बांधलेली जीप. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा तर तीच. साहेबानं वापरून झाली की लिलावात निघायची, मग बागाइतदार घ्यायचा, त्याच्याकडून सरपंच, सरपंचाकडून कोणीतरी वऱ्हाडी ने-आण करणारा. एका गाडीत पंधरा माणसं आणि टपावर आहेराची भांडी. तिचा कोणी फोटो काढून ठेवला नाही. फोटो असलाच तर नवरदेवाचा आहे, गाडी मागं अर्धी आली आहे.

तेव्हा जपायच्या गाड्या वेगळ्या होत्या. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस, ब्युइक, पॅकार्ड. १९७१ साली तनखे बंद झाले तेव्हा पुष्कळ राजवाड्यांतून अशा गाड्या बाहेर पडल्या, आणि मुंबई-दिल्लीच्या शौकीन लोकांनी त्या वेचल्या. ॲम्बेसेडर, फियाट, जीप यांच्याकडं तेव्हा कोण बघणार? त्या रस्त्यावर चालत होत्या. जी गोष्ट सकाळी दारातून जाते आणि संध्याकाळी परत येते, तिचा संग्रह करावा असं कोणाच्या मनात येत नाही.

आता एक गोष्ट परदेशातली. फेरारी २५० जीटीओ नावाची शर्यतीची गाडी १९६२ ते १९६४ मध्ये बनली, एकूण ३६. त्यातली एक तिच्या मालकानं अमेरिकेत टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया गावच्या शाळेला देऊन टाकली, पोरांना दुरुस्ती शिकायला. (आमच्या आयटीआयला असं दान कधी आलं नाही. आम्हाला निर्लेखित झालेली जीप मिळाली, तीही बॅटरी काढून घेऊन.) पुढं शाळेनं ती विकली. १९७२ मध्ये एकानं ती साडेसहा हजार डॉलरला घेतली आणि ओहायोत एका वावरात ट्रेलरवर उभी करून ठेवली. वर्षानुवर्षं ऊन, पाऊस, बर्फ. २०१८ साली याच जातीची दुसरी एक गाडी लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. डॉलर, रुपये नाही.

ही गोष्ट सांगितली की लोक लगेच कोठ्याकडं पळतात. थांबा. फेरारी मुळातच ३६ होत्या. ती कमी बनली म्हणून महाग आहे. आपल्या गाड्या लाखांनी बनल्या. ॲम्बेसेडर बंगालात उत्तरपाड्याला १९५७ च्या सुमारास सुरू झाली, मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर, आणि २०१४ पर्यंत निघत राहिली. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला बनायची, मूळ फियाट ११००, तिला पद्मिनी हे नाव १९७४ चं. या गाड्या कमी बनल्या नाहीत, कमी उरल्या. राबवून संपवल्या, कापून विकल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली तेव्हा लोक तिच्यासोबत फोटो काढायला रांगेत उभे होते. त्याच लोकांनी दहा वर्षं आधी तिच्यात बसायला नको म्हणून एसीची टॅक्सी बोलावली होती! ॲम्बेसेडरचं तर असं, की गाडी बंद पडल्यावर २०१७ साली नुसतं नाव फ्रान्सच्या पूजो कंपनीनं ८० कोटींना घेतलं.

आपल्या जीपेला जवळची म्हणाल तर फ्रान्सचीच सित्रोएन टूसीव्ही. १९४८ साली आली ती शेतकऱ्यासाठीच. नांगरलेल्या वावरातून अंड्यांची टोपली नेली तर एक अंडं फुटायला नको, असं काम अभियंत्यांना दिलं होतं. तिचे युद्धाआधीचे नमुने नष्ट करायचे ठरले होते. त्यातले तीन नव्वदच्या दशकात कंपनीच्याच जागेतल्या एका कोठाराच्या माळ्यावर सापडले. म्हणजे तिथंही गाडी वाचवली ती कोठारानंच.

आणि इथंच माझं आजचं म्हणणं आहे. आपल्या कायद्यात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली, वर पर्यावरण कर वेगळा. दुसऱ्या टोकाला २०२१ चा व्हिंटेज गाड्यांचा नियम. गाडी पन्नास वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, २०,००० रुपये भरून दहा वर्षांसाठी. रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. म्हणजे पंधराव्या वर्षापर्यंत गाडी कामाची, पन्नासाव्या वर्षानंतर मानाची. मधली पस्तीस वर्षं ती कोणाचीच नाही. तेवढ्यातच ती मरते. गोष्टीतल्या राक्षसासारखा भंगारवाला त्या पस्तीस वर्षांत दर महिन्याला दारात येऊन विचारतो, "देता का?"

शहरात ती पस्तीस वर्षं काढता येत नाहीत. सोसायटीत पार्किंग नाही, मुंबईची खारी हवा पत्रा खाते. आपल्याकडं मात्र जागा होती. कोठा होता, वाड्याची ढेलज होती, जिनिंगच्या आवारात चिंचेखाली सावली होती. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश असतं, रबर तडकतं, सीट फाटते, पण कोरड्या हवेत पत्रा टिकतो. आणि मुख्य म्हणजे वाटणीचं भांडण होतं. हसू नका. मी पाहिलेल्या बऱ्याच शाबूत गाड्या अशा आहेत की तीन भावांत गाडी कोणाची हे ठरलं नाही, म्हणून कोणी विकू शकलं नाही!

आता माझा गुन्हा सांगतो. नोकरीच्या आधी मी एका गॅरेजात होतो. पेट्रोल महागलं तसे लोक जीप घेऊन यायचे: "याचं इंजन काढून डिझल टाका." हरिकेन इंजिन चेनकप्पीनं उचलायचं, खाली ठेवायचं, डिझेल बसवायचं, माउंटिंग वेल्ड करायची. काढलेलं इंजिन किलोच्या भावानं जायचं. किती काढली त्याचा हिशेब ठेवला नाही. एक चांगलं चालू इंजिन, ज्याच्या ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकाशी जुळत होता, ते मी स्वतः घणानं फोडलं, कारण भंगारवाल्याला अख्खं उचलता येत नव्हतं. त्याला मदत केली म्हणून त्यानं मला चहा पाजला.

आज गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं. मुंबई-पुण्याहून माणूस येतो, चकचकीत रंगाकडं पाहतही नाही. विचारतो, इंजिन ओरिजिनल आहे का? नंबर जुळतो का? कागद आहे का? आपल्याकडं उलटं. विकायची म्हटलं की आपण आधी रंग मारतो, क्रोमचे बंपर लावतो, जाड टायर टाकतो, बोनेटवर वाघ काढतो. एका पाटलांनी चाळीस वर्षं जपलेली, मूळ हिरव्या रंगाची जीप विकण्याआधी लाल करून आणली. गिऱ्हाइकानं पाहिली, पाणी प्यायलं आणि निघून गेलं. पाटील मला म्हणाले, "एवढा खर्च केला, अन् याले काहून नाई आवडली?" काय सांगणार? चाळीस वर्षांचा रंग त्यांनी दोन दिवसांत घासून काढला होता.

कागदाचं तर फारच महत्त्वाचं. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वारसाची नोंद केलीच नाही. पुस्तक कुठं आहे? बहुतेक वेळा ते सातबाराच्या फायलीत किंवा देवघराच्या पेटीत सापडतं. विम्याच्या जुन्या पावत्या, जुनी तीन अक्षरांची नंबर प्लेट, गॅरेजची बिलं, काही फेकू नका. प्लेट खरवडून नवा नंबर टाकू नका. चेसिस नंबरवर वेल्डिंग करणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका.

ठेवायची कशी, तेही थोडक्यात. काळ्या मातीवर गाडी उभी करू नका. ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि गाडीचा तळ सडवते. फरशी नसेल तर चार दगड ठेवा, चाकं जमिनीवरून उचला. ढोरांच्या जवळ नको, मुताची वाफ पत्र्याला वाईट. आणि कुटार अंगावर नको. माफ करा काकाजी, पण कुटार ओल धरतं आणि उंदीर आणतं, उंदीर वायरिंग खातो. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. वर्षातून एकदा प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि हँडलनं इंजिन हातानं फिरवा. पिस्टन जाम झाला की खर्च सुरू होतो, आणि तो खर्च कधीकधी गाडीच्या किमतीवर जातो. हेही खरंच आहे. प्रत्येक कोठ्यात लाखो रुपये उभे नाहीत.

पोरं विचारतात, पुढं कशाला भाव येईल? आंतरराष्ट्रीय पातळीवर जुन्या गाड्यांची फिवा नावाची जी संस्था आहे ती तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक म्हणते. त्या हिशेबानं १९८३ ची पहिली मारुती ८००, १९८५ ची जिप्सी, १९९१ ची महिंद्रची कमांडर, सगळ्या आत आल्या. माझा अंदाज विचाराल तर ताडोब्यात न राबलेली जुनी जिप्सी आणि मूळ अंगाची कमांडर. कमांडरच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या झाल्या, मूळ अवस्थेत एखादी दाखवा मला! पण तुम्ही माझ्या अंदाजावर गाडी घेऊन ठेवू नका. मी तोच माणूस आहे ज्यानं हरिकेन घणानं फोडलं.

तर काकाजींचा प्रश्न राहिला. कोठ्यात त्यांनी विचारलं होतं, "मास्तर, याले कितीक भेटन?" मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण बोनेटच्या पुढं काही मला दिसलंच नाही. आत हरिकेन आहे की माझ्यासारख्या कोणी डिझेल कोंबलं आहे, माहीत नाही. चेसिसचा नंबर वाचायचा आहे. काकाजी म्हणतात, आरसी बुक त्यांच्या थोरल्या वहिनींच्या लोखंडी पेटीत असेल, आणि वहिनी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, किल्ली आणली असेल तर बरं. बाकी कोणाकडं टॉर्च आहे का? आणि एक तारेचा ब्रश, आणि थोडं घासलेट. पोरांनो, दोघंजण कुटार सारायला चला.