कडेचा फोटो मागा

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्वी सराफाच्या पेढीवर चांदीचा रुपया आला की तो आधी फरशीवर टाकून वाजवला जायचा. खणखणला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर गिऱ्हाइकाच्या हातात परत. आता जुनी नाणी फोनवर बोली लावून विकली जातात. वाजवायची सोय नाही, तोलायचीही नाही. आपल्या हाती असतात दोन फोटो, एक पुढच्या बाजूचा आणि एक मागच्या. खोटं नाणं घडवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याची सगळी कारागिरी त्या दोन बाजूंवर खर्ची पडलेली असते. आपण बघायचं ते त्यानं जिथं अंगचोरी केली तिथं.

सगळ्यात बदनाम उदाहरण घेऊ, सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया. आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं हे नाणं. फार थोडे रुपये बाहेर आले, त्यामुळे अस्सल असेल तर लाखांत बोलणी होतात. आणि ऑनलाइन लिलावांत बघाल तर हा 'दुर्मीळ' रुपया बाराही महिने हजर! कधी पाच हजारांपासून बोली, कधी दोन हजारांपासून.

आता थोडा इतिहास, कारण इथं तोच उपयोगी पडतो. 1939 पर्यंतच्या रुपयात चांदी होती शेकडा 91.7 टक्के. युद्ध सुरू झालं, लोक चांदीचे रुपये दडवायला लागले, आणि सरकारनं 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. उरलेल्यात चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल आणि पाच टक्के जस्त. हा नवा रुपया नकली बनवायला सोपा जाऊ नये म्हणून त्याची कडही बदलली. जुन्या रुपयाच्या कडेला नुसते उभे दाते. नव्याच्या कडेला दात्यांच्या मधोमध एक खाच फिरते आणि त्या खाचेत बारीक नक्षी असते. तेव्हा 1939 साल लिहिलेल्या रुपयाला अशी खाचेची कड दिसली, तर पुढं काही तपासायची गरजच नाही. पण ही कड फोटोत दिसतेच कुठं? म्हणून विक्रेत्याला पहिला निरोप हा धाडायचा: कडेचा फोटो पाठवा, चारी बाजूंनी. प्रामाणिक माणूस अर्ध्या तासात पाठवतो. बाकीचे विचारतात, "घ्यायचंय की नुसती चौकशी?"

ओतीव नक्कलही कडेवरच पकडली जाते. टांकसाळीत नाणं दोन ठशांमध्ये दाबून पाडतात. साच्यात धातू ओतून केलेल्या नाण्याच्या कडेवर मात्र साच्याच्या दोन अर्धांची जोडरेघ राहते. ती कानशीनं घासली, तर तेवढ्या जागचे दाते वेगळे दिसतात. दहापट भिंगातून पाहिलं तर पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या असतात, अक्षरांच्या कडा मऊ पडलेल्या असतात.

एक लबाडी मात्र कडेला दाद देत नाही. 1938 चा अस्सल रुपया घ्यायचा आणि शेवटचा 8 कोरून त्याचा 9 करायचा. चांदी खरी, वजन खरं, कडही खरी. इथं आकड्याकडेच बघावं लागतं. 9 च्या खालच्या वळणाशी जमीन, म्हणजे आकड्यामागचा सपाट भाग, खरवडलेली आहे का, आकड्याभोवतीची चमक बाकीच्या जमिनीपेक्षा निराळी आहे का, त्याच नाण्यावरच्या पहिल्या 9 शी शेवटच्या 9 ची ठेवण जुळते का. सालाच्या आकड्यांचा जवळून काढलेला फोटो मागायचा तो यासाठी.

तशीच गंमत 1911 च्या रुपयाची. पंचम जॉर्जच्या अंगावरच्या मानाच्या साखळीत एक छोटासा हत्ती आहे. 1911 मध्ये तो असा काही कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी मागे घेतली, आणि 1912 पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. संग्राहक त्या पहिल्याला अजूनही 'पिग रुपया' म्हणतात. कुणी 1912 च्या 2 चा 1 केला, तरी हत्तीची सोंड काही त्याला लपवता येत नाही!

आता वजन. 1835 नंतरचा ब्रिटिश अमलातला चांदीचा रुपया, साल कुठलंही असो, 11.66 ग्रॅमचा. हातोहात फिरून झिजला तर थोडं कमी भरेल, अकरा-साडेअकराच्या आसपास. पण साडेनऊ भरला तर गडबड आहे, आणि साडेबारा भरला तर जास्तच गडबड, कारण झिजून कुठल्याही नाण्याचं वजन वाढत नाही.

नाणं घरी आल्यावर करायचा एक प्रयोग सांगतो, कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा आणि ते पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका, आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाका. काट्यावर जो आकडा येईल, तेवढं पाणी नाण्यानं बाजूला सारलं. झीज नसलेल्या, 91.7 टक्के चांदीच्या रुपयाला हा आकडा 1.13 च्या आसपास येतो. निम्म्या चांदीच्या रुपयाला 1.22. आतून जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा अंशही नसलेला तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू, आणि वरून चांदीचा मुलामा असेल, तर वजन नेमकं 11.66 जुळवलेलं असलं तरी आकडा 1.35 च्या घरात जातो. नाण्याला ओरखडाही पडत नाही, हा यातला मोठा फायदा. लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ आहेत. त्यानं लोखंड किंवा शुद्ध निकेल तेवढं कळतं. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांतलं काहीच सहसा त्याला चिकटत नाही, त्यामुळे "चुंबक लावून दाखवलं, अस्सल आहे" या व्हिडिओला फारशी किंमत देऊ नका.

काही नाण्यांना एवढ्या तपासणीचीही गरज नसते. तुम्ही पाहिली असतील, तांब्याची किंवा पितळेची, एका बाजूला राम-सीता नाहीतर मारुती, दुसऱ्या बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी', 'यू के एल', अर्धा आणा, आणि साल 1616, 1717 किंवा 1818. भाव विचाराल तर पन्नास हजारांपासून थेट कोटीपर्यंत. ही कशाची नक्कलसुद्धा नाही, कारण अशी नाणी कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. कंपनीला सनद मिळाली 1600 च्या डिसेंबरात. 'युनायटेड किंगडम' हे नाव 1801 मध्ये आलं. मग 1616 च्या नाण्यावर 'यू के' कुठून येणार? देवळाबाहेर विकायला घडवलेले हे बिल्ले आहेत. देवघरात ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा, पण त्यांच्यासाठी घर गहाण टाकू नका.

आपल्या मराठी मनाला खरी भुरळ पडते ती शिवकालीन नाण्यांची. तांब्याची शिवराई शिवरायांनंतरही दीर्घकाळ पाडली गेली, त्यामुळे साधी अस्सल शिवराई आजही परवडेल अशा भावात मिळते. सोन्याचा होन ही वेगळी गोष्ट. अस्सल होन फारच थोडे उरलेत, आणि वजन तीन ग्रॅमच्याही आत. दहा ग्रॅमचा 'होन' कुणी दाखवला तर नमस्कार करून पुढं जावं. शिवराईत एक साधी खूण पाहा. तेव्हाचा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे अस्सल नाण्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं बहुधा अर्धवट येतात, एखादं कडेला कापलं जातं. सगळी अक्षरं मधोमध, ठसठशीत, भोवतीचं बिंदूंचं वर्तुळही पुरं, आणि अशा एकसारख्या दहा शिवराया एकाच विक्रेत्याकडे असतील, तर संशय घ्यायलाच हवा. हिरवा रंग चढवलेला वाटला तर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस टेकवून पाहा. रंग असेल तर उतरेल, मुरलेला गंज उतरत नाही. चिंचेनं मात्र कधीही घासू नका. अस्सल नाण्याचा भाव त्यानंच पडतो.

बोली लावण्याआधी अजून एक काम. तो फोटो इंटरनेटवर शोधायला टाका. ओतीव नक्कल मूळ नाण्यावरचे घावसुद्धा उचलते. राजाच्या गालावरचा तोच खड्डा, त्याच जागी, दोन वेगवेगळ्या नाण्यांवर दिसला, तर निदान एक तरी खोटं आहे, आणि बहुतेक वेळा दोन्ही. परदेशी प्रतवारी संस्थांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात बंद केलेलं नाणंही डोळे मिटून घेऊ नये. डबेही नकली निघतात. एनजीसी किंवा पीसीजीएसच्या संकेतस्थळावर डब्यावरचा क्रमांक टाका. तिथं त्या नाण्याचा फोटो असेल तर आपल्या नाण्यावरचे घाव त्याच्याशी ताडून बघा, कारण खरा क्रमांक चोरूनही छापता येतो.

याच धंद्याची उलटी बाजूही आहे. "तुमच्याकडच्या वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला दहा लाख देतो, आधी कमिशन भरा." यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरलं जातं. बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये पत्रक काढून स्पष्ट केलं की अशा खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि ती असं शुल्क किंवा कमिशन कधीही मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि महागडं पार्सल उघडताना सलग चित्रीकरण करत जा, पुढं तक्रारीत तेच कामाला येतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी दुर्मीळ नाण्याच्या मागं लागण्याआधी ओळखीच्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडून पंचम जॉर्जचा 1918 चा एक रुपया घ्यावा. तो ढिगानं पाडला गेला होता, त्यामुळे चांदीच्या भावाच्या आसपास मिळून जातो. त्याचे दाते भिंगातून पाहा, आकड्यांची ठेवण डोळ्यांत बसू द्या, आणि पाण्याचा प्रयोग आधी त्याच्यावरच करा. काटा 1.13 दाखवायला लागला की मग लिलावाचं पान उघडा.